लिंकवर टॅप केलं, उघडलं भलतंच

एखाद्या साइटवर दिलेल्या ईमेल पत्त्यावर तुम्ही टॅप करता आणि कधीच न वापरलेलं अ‍ॅप उघडून म्हणतं, 'अकाउंट जोडा'. हा वैताग बराच जुना आहे बरं का.

त्या लिंकच्या सुरुवातीला 'मेलटू' हा शब्द लपलेला असतो. डिसेंबर १९९४ च्या 'आरएफसी १७३८' या इंटरनेटच्या नियमपत्रात तो आहे. गंमत म्हणजे लिंक फक्त पत्ता सांगते. तो कोणत्या प्रोग्रॅमकडे द्यायचा, ते ठरवणार तुमचा कॉम्प्युटर. तेव्हा मेलचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवरच असायचा, म्हणून खपून गेलं.

मग मेल ब्राउझरमध्ये आला. जीमेल २००४ चं. लोक मेल वाचणार टॅबमध्ये, पण लिंक दाबली की जागं होणार आउटलुक एक्सप्रेस! २००८ मध्ये फायरफॉक्स ३ ने अशी लिंक याहू मेलसारख्या वेबमेलकडे पाठवायची सोय केली.

फोनवर पुन्हा तेच. अँड्रॉइड निदान 'कशात उघडू?' असं विचारायचं. आयफोनवर मात्र २००७ पासून अशी लिंक अ‍ॅपलच्याच मेलमध्ये उघडायची. निवड मिळाली सप्टेंबर २०२० मध्ये, आयओएस १४ सोबत. तेरा वर्षं! मला नाही वाटत हा तांत्रिक प्रश्न होता. जे अ‍ॅप आपोआप उघडतं, तेच लोक वापरत राहतात.

आणि मिळाली तीही कशी? फोन रीस्टार्ट केला की केलेली निवड पुसली जायची. आठ दिवसांत १४.०.१ आणून ते दुरुस्त करावं लागलं.