भोकरदनहून अमरावतीला, साल 1886

केळना नदीच्या काठावर तुम्ही उभे आहात. साल 1886. भोकरदन निजामाच्या राज्यात आहे, कनवटीला हाली सिक्क्याचे रुपये आहेत आणि जायचंय वऱ्हाडात. जालन्याला अजून आगगाडी नाही, ती यायला चौदा वर्षं आहेत. म्हणून गाडीला बैल जुंपलेत आणि वाट धरलीय बुलढाण्याची.

पहिला मुक्काम तुमच्याच तालुक्यात, जाळीच्या देवाला. महानुभावांच्या या स्थानी काळ्या वस्त्रांतल्या संन्यासिनी भेटतात. घरदार सोडून धर्माला वाहून घेतलेली बाई या मातीला नवी नाही. चक्रधरांच्या शिष्या महदाइसा तेराव्या शतकात याच मराठवाड्यात वावरल्या. पुढे अमरावतीत ज्या सिस्टर भेटणार आहेत त्या दूरदेशीच्या आहेत, पण त्यांचा निश्चय तुम्हाला इथूनच ओळखीचा झालेला असेल.

धाडला इंग्रजांचा अंमल लागतो. राजूर घाट उतरून मलकापूर, तिथून आगगाडी, बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावती.

इथे याच वर्षी फ्रान्सहून सिस्टर आल्यात. आल्प्सच्या पायथ्याशी, आनसी शहराजवळ शावानो नावाचं खेडं आहे, तिथल्या ‘क्रॉस’ संघाच्या या कॅथलिक धर्मभगिनी. फादर पिएर-मारी मेर्मिए आणि क्लोदिन एशर्निए यांनी 1838 साली हा संघ उभा केला. खेड्यातल्या मुलींना शिकवावं, आजाऱ्याच्या उशाशी बसावं, हेच काम डोळ्यांसमोर ठेवून.

रात्र तुम्ही त्यांच्या आवारातच काढता. अंधार असतानाच घंटा होते. आधी मौन, मग मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना. मिस्साची लॅटिन तुम्हाला कळत नाही आणि तुमची मराठी त्यांना अजून धड कळत नाही. पायघोळ झगा, डोक्यावरून घेतलेलं वस्त्र, आणि बाहेर वऱ्हाडातलं ऊन. त्यांनी तीन व्रतं घेतलीत: ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन. दारिद्र्य म्हणजे हातात आलेला पैसा न् पैसा संघाचा, स्वतःचं म्हणावं असं काही नाही. आज्ञापालन त्याहून अवघड. एक आदेश येतो आणि जिवाला लागलेलं गाव, लेकरं, नुकती जुळलेली भाषा, सगळं मागे टाकून निघावं लागतं. मिशनवर निघालेली सिस्टर त्या काळी बहुधा मायदेशी परतत नसे. आईच्या मरणाची बातमीसुद्धा बोटीनं यायची.

आता 1900 मध्ये या. जालन्यापर्यंत रूळ पोचलेत आणि मुलखात दुष्काळ पडलाय. खडी फोडायच्या कामांवर माणसं, रस्त्याकडेला ढोरांचे सांगाडे, पाठोपाठ कॉलरा. देशभर मिशनांच्या अनाथालयांत पोरं मावत नाहीत. पोटच्या पोराशिवाय जगायचं व्रत घेतलेल्या बाया रात्रभर दुसऱ्यांची पोरं मांडीवर घेऊन बसल्यात.

पुढची वर्षं झरझर जातात. 1962 ते 1965 कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद भरते. तिच्यानंतर मिस्सा मराठीत ऐकू येते आणि झग्याच्या जागी साडी दिसू लागते. 1977 मध्ये औरंगाबादचा वेगळा धर्मप्रांत होतो.

आता जरा या मुलखाबाहेर या. 25 फेब्रुवारी 1995. मध्य प्रदेशातली बस, इंदूरच्या वाटेवर. केरळच्या सिस्टर राणी मारिया आत बसल्यात. सावकारी पाशातून सुटायला त्यांनी उदयनगरच्या आदिवासींना बळ दिलं, म्हणून सुपारी घेतलेल्या माणसानं त्यांना भोसकून मारलं. नंतर त्या माणसाच्या हातावर तुरुंगात राखी बांधली गेली. बांधणारी राणी मारियांची सख्खी बहीण होती, तीही सिस्टर. क्षमेबद्दल मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. त्या राखीपुढे ती मला फिकी वाटतात.

आणि आज? सिस्टर व्हायला निघालेल्या मुलीला नोव्हिशिएटचं, म्हणजे उमेदवारीचं, निदान एक पूर्ण वर्ष काढावं लागतं. मग किमान तीन वर्षं तात्पुरती व्रतं, आणि त्यानंतरच आजन्म व्रत. आपण मात्र सिस्टरांना ओळखतो ते शाळेच्या ॲडमिशनपुरतं. ही ओळख तोकडी आहे, आणि त्या बायांवर अन्याय करणारी आहे. एस.टी.त शेजारी एखादी सिस्टर बसली तर ॲडमिशनचं विचारण्याआधी ती कोणत्या वस्तीवर जाते ते विचारा. जमलं तर एकदा तिच्याबरोबर जाऊन या.