यंत्र आले आणि पावले लटपटली: कालिम्नोस बेटाच्या स्पंजबुड्यांचा इतिहास

१/ ग्रीसच्या कालिम्नोस बेटावर ‘मिखानिकोस’ नावाचे एक लोकनृत्य आहे. साखळी धरून पुरुष नाचत असतात आणि एकाएकी अग्रभागी असलेल्या नर्तकाचे पाय थरथरू लागतात. काठीच्या आधाराने तो उभा राहू पाहतो, कोसळू लागतो, पुन्हा सावरतो. धडधाकट तरुण पांगळ्याचा अभिनय का करतो?

२/ कालिम्नोस हे एजियन समुद्राच्या आग्नेयेस, तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळचे खडकाळ बेट. शेतीयोग्य जमीन थोडी. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या पोट समुद्रावर, विशेषतः स्पंजावर. स्पंज हा समुद्रतळाला चिकटून राहणारा प्राणी. त्याचा मऊ सांगाडा धुऊन, वाळवून युरोपच्या बाजारात विकला जाई.

३/ जुनी पद्धत साधी होती. बुड्या नग्न शरीराने, हातात ‘स्कांदालोपेत्रा’ हा चपटा जड दगड धरून एका श्वासात तळ गाठी. सोबती त्याला दोराने वर ओढीत. श्वास संपला की वर येणे भागच असे. ही मर्यादाच त्याचे संरक्षण होती, हे मात्र तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते.

४/ १८६० च्या दशकात पाणबुड्याचा पोशाख आला: तांब्याचे शिरस्त्राण, रबरी अंगरखा आणि नळीतून हवा पुरवणारा हातपंप. १८६३ मध्ये तो जवळच्याच सिमी बेटावर पोहोचला. लोकांची भीती मोडावी म्हणून एका बुड्याच्या पत्नीने तो घालून बंदरात बुडी मारली, अशी तिथली आठवण सांगते. हा पोशाख म्हणजे ‘यंत्र’ आणि तो घालणारा ‘मिखानिकोस’, म्हणजे यंत्रवाला. नृत्याचे नाव त्याचेच.

५/ आता खोल पाण्यात बराच वेळ थांबता येऊ लागले. परंतु दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळत जातो. माणूस झपाट्याने वर आला की सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. तळाशी काहीच जाणवत नसे. शिरस्त्राण उतरवल्यावर, होडीवर, पाय लुळे पडत किंवा प्राण जाई. १८६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच नौदलाचे वैद्य ल रुआ द मेरिकूर यांनी अशा २४ स्पंजबुड्यांपैकी १० जणांच्या मृत्यूची नोंद केली.

६/ १८७८ मध्ये पॉल बेअर यांनी या बुडबुड्यांचे कारण मांडले. टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९०८ मध्ये दिली. म्हणजे केवळ अज्ञान हे कारण पुरत नाही. दुसरे कारण होते ‘प्लातिका’, अर्थात उचल. ईस्टरनंतर ताफा उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघण्यापूर्वी बुड्याला आगाऊ रक्कम मिळे. घर त्यावर चाले आणि ती स्पंजाने फेडावी लागे. कप्तानही सावकाराचा ऋणी असे. सावकाश वर येण्यात वेळ जाई, आणि वेळ म्हणजे कर्ज.

७/ १९०० मध्ये कप्तान दिमित्रिओस कोंदोस यांच्या होडीवरील सिमीच्या बुड्यांना अँतिकिथिरा बेटाजवळ एक प्राचीन जहाज सापडले. ग्रीक सरकारसाठी १९०१ पर्यंत त्यांनी सुमारे ४५ मीटर खोलीवरून कांस्य व संगमरवरी पुतळे वर काढले. त्याच ढिगात गंजलेले तुकडे होते: खगोलगणिती करणारे जगप्रसिद्ध ‘अँतिकिथिरा यंत्र’. या मोहिमेत एक बुड्या मरण पावला, दोघे पांगळे झाले.

८/ पुढे अनेक बुडे अमेरिकेतील फ्लोरिडाच्या टार्पन स्प्रिंग्स येथे गेले. कृत्रिम स्पंजाने बाजार घेतला आणि १९८० च्या दशकात रोगाने भूमध्य समुद्रातील स्पंज मोठ्या प्रमाणावर नष्ट केले. आज पोथिया बंदरावर उतरणाऱ्या प्रवाशाला स्पंजाची दुकाने आणि एका संग्रहालयात जुनी शिरस्त्राणे दिसतात.

९/ अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात अँतिकिथिरा यंत्रासमोर गर्दी असते. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते यंत्र ज्यांनी वर आणले, ते स्वतः दुसऱ्याच एका यंत्राची किंमत मोजत होते. त्यांची नोंद कालिम्नोसने नृत्यात जपली आहे. इतिहास वाचताना अशा नोंदींकडेही पाहायला हवे.