तळटीप : पहिलं प्रकरण कुठे गेलं?

* ही छपाईची चूक नव्हे. मार्क हॅडन यांच्या ‘द क्युरियस इन्सिडेन्ट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ (२००३) या कादंबरीत पहिलं प्रकरणच नाही. स्विंडनमध्ये राहणारा तिचा पंधरा वर्षांचा निवेदक, ख्रिस्तोफर बून, याला मूळ संख्या फार प्रिय. म्हणून क्रमांक २, ३, ५, ७ असे चढत २३३ला थांबतात. मोजली तर प्रकरणं ५१च भरतात. शेजारणीच्या वेलिंग्टन या कुत्र्याला कोणी मारलं, याचा छडा तो लावायला निघतो. शीर्षकही उसनं, होम्सच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ (१८९२) या कथेतून घेतलेलं. त्या कथेतला कुत्रा रात्री भुंकत नाही, कारण आलेला माणूस त्याच्या ओळखीचा असतो. वेलिंग्टनबद्दल याहून अधिक इथे सांगणं म्हणजे वाचकाशी दगाच. लेखकाने वर ख्रिस्तोफरला सरळ ‘अ‍ॅस्पर्जरग्रस्त’ म्हटलं आहे, ते मूळ मजकुराला धरून नाही. कादंबरीत तो शब्द कुठेच येत नाही. तो आला पुस्तकाच्या वेष्टनावर, आणि पुढे खुद्द हॅडन यांनाच तो खटकला. — संपा.