दरबारातला चित्ता

गावात चित्ता शिरल्याची बातमी आली, तर तो बिबळ्याच असणार हे खुशाल समजावे. ही गल्लत आपल्याकडे जुनी आहे. बिबळ्या रात्रीचा, दबा धरणारा. चित्ता मोकळ्या माळावरचा, दिवसाढवळ्या धावून शिकार करणारा. त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते, काजळ ओघळावे तशी.

निसर्गाने त्याचे अंग धावण्यासाठी घडवले, आणि त्याची किंमतही वसूल केली. त्याची नखे पुरती आत जात नाहीत, ती जमीन धरतात. कणा धनुष्यासारखा वाकतो नि सुटतो, लांब शेपूट वळणावर तोल सांभाळते. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. पण तो काहीशे मीटरच. मग धापा टाकत बसावे लागते. तेवढ्यात तरस आला तर हातची शिकार सोडून हा निघून जातो! भित्रेपणा म्हणा हवा तर; पण पाय दुखावला की उपासमार आलीच. अंगावर न जाणे हीच त्याची जगण्याची रीत.

हाच स्वभाव माणसाने हेरला. अबुल फझलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त खड्डे खणून चित्ते धरण्याची पद्धत दिली आहे. पूर्वी त्यांना शिकवायला दोन-तीन महिने लागत; अकबराच्या देखरेखीखाली अठरा दिवस पुरतात, असे तो लिहितो. लेखक पदरचाच होता, तेव्हा थोडे वजा करून घ्यावे. डोळ्यांवर पट्टी बांधून चित्त्याला बैलगाडीतून माळावर न्यायचे. काळविटे गाडीला सरावलेली, ती बुजत नसत. जवळ गेले की पट्टी काढायची.

अकबराने हजारभर चित्ते जमवले होते, असे त्याचा मुलगा जहांगीर आत्मचरित्रात सांगतो. त्यांची जोडी जमावी म्हणून बागेत मोकळे सोडून पाहिले; काही झाले नाही. पुढे जहांगीरच्या वेळी एक नर पट्ट्यातून निसटून मादीकडे गेला आणि तिला तीन पिले झाली. बादशहाने ते नवल म्हणून लिहून ठेवले. त्यानंतरची प्रसिद्ध नोंद थेट १९५६ सालची, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली!

रानात मादी एकटीच मैलोन्‌मैल हिंडते, नराची गाठ तेवढ्यापुरती. खाटेशी बांधलेल्या जनावराला हे कुठून मिळणार? म्हणजे दरबारातला जवळजवळ प्रत्येक चित्ता रानातून धरलेला. तोही वाढलेलाच लागे, कारण शिकार त्याला आईनेच शिकवलेली असायची. शेतीखाली गेलेली कुरणे आणि इंग्रजी अमदानीत मारल्याबद्दल मिळणारी बक्षिसे हीही कारणे खरीच. पण रान रिते होण्याची सुरुवात, माझ्या मते, या हौसेने झाली.

विसाव्या शतकात देशी चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर संस्थानांनी ते आफ्रिकेतून आणवले. कोल्हापूरचे चित्तेवान त्यांनाही तयार करीत. १९४७ साली सरगुजाजवळच्या कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते मारले. ते देशातले शेवटचे मानतात. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्यप्रदेशातील कुनोला आले. पुढच्या मार्चमध्ये त्यांतल्या एका मादीला कुंपणाच्या आत चार पिले झाली. मे महिन्यातल्या उन्हाळ्यात तीन दगावली. चौथी, मादी, माणसांच्या हातांनी वाढवावी लागली.