शाळेतले बायबल आणि जळालेली चर्चे

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिली गेली. १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने तिने धर्मस्वातंत्र्याची हमीही दिली. मग अवघ्या अर्ध्या शतकात त्याच फिलाडेल्फियात कॅथलिक चर्चे का जाळली गेली? निमित्त झाले ते शाळेतल्या बायबल वाचनाचे.

तिथल्या सरकारी शाळांत तेव्हा रोज बायबल वाचले जाई. पण ते 'किंग जेम्स' भाषांतर, म्हणजे प्रॉटेस्टंटांचे. आयर्लंडहून आलेल्या विणकरांची, मजुरांची कॅथलिक मुलेही तेच वाचत. १८४२ मध्ये बिशप फ्रान्सिस केनरिक यांनी शाळा मंडळाला विनंती केली, की आमच्या मुलांना आमचे भाषांतर वाचू द्या. मंडळाने पुढच्या वर्षी मधला मार्ग काढला. पालकांची हरकत असेल तर मुलांवर सक्ती नाही. दुसरे भाषांतरही चालेल, पण त्यात टीपा नकोत. कॅथलिक बायबलात तर टीपा असतच!

एवढ्यावरून आवई उठली, की पोपची माणसे शाळेतून बायबल हद्दपार करणार. 'इथे जन्मला तोच खरा अमेरिकन' म्हणणाऱ्या नेटिव्हिस्टांनी मे १८४४ मध्ये केन्सिंग्टन या आयरिश वस्तीतच सभा घेतली. दगडफेक झाली, गोळ्या सुटल्या. ८ मे रोजी सेंट मायकेल आणि सेंट ऑगस्टीन ही चर्चे जळाली. सेंट ऑगस्टीनचे हजारो ग्रंथांचे ग्रंथालयही राख झाले. जुलैत पुन्हा दंगल उसळली, तेव्हा तोफा चालल्या. दोन्ही वेळचे मिळून निदान २० जण मेले.

कॅथलिकांनी मग आपल्या शाळा काढल्या. १८८४ मध्ये बाल्टिमोरच्या धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चजवळ शाळा हवी, असा दंडकच घातला. तर आता 'हे लोक वेगळे राहतात' हा नवा आरोप आला! ऑरेगन राज्याने १९२२ मध्ये सर्व मुलांना सरकारी शाळेची सक्ती केली. सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये तो कायदा रद्द ठरवला. तरीही १९६० मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी यांना ह्यूस्टनला पाद्र्यांपुढे उभे राहून, आपण पोपच्या हुकमाने चालणार नाही, असे सांगावे लागले.

केनरिक यांनी बायबल बंद करा असे म्हटलेच नव्हते. बहुसंख्यांना आपली सवय हीच सर्वांची रीत वाटू लागली, की वेगळी प्रत मागणाराही त्यांना धर्मबुडवा दिसतो. फिलाडेल्फियात याची किंमत माणसांनी जिवाने मोजली.