मुंबईतली मुकी बॅट

1952 च्या फेब्रुवारीत मुंबईत टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा झाली. आशियात ती पहिल्यांदाच भरत होती. आमची तामलवाडी तेव्हा मुंबई राज्यात नव्हती. तुळजापूर तालुका हैदराबाद राज्यात होता, आणि निजामाची राजवट जाऊन साडेतीन वर्षंही झाली नव्हती. सोलापूर इथून हाकेच्या अंतरावर, पण ते दुसऱ्या राज्यात. त्या काळात माझे आजोबा गावात बाभळीचे कुळव आणि तिफणी घडवत होते. मुंबईत जपानचा एक चष्मेवाला तरुण लाकडाच्या फळीवर काय चिकटवून आलाय, याची वार्ता या गावात पोचायचं काही कारण नव्हतं.

मी रंधा धरायला आजोबांकडे शिकलो आणि सोलापुरात नोकरी लागल्यावर टेबल टेनिस खेळायला. दोन्ही गोष्टी एकाच हातात आल्यामुळे मुंबईच्या त्या स्पर्धेची गोष्ट मला लाकडाच्या बाजूने सांगावीशी वाटते. सगळे ती रबराच्या बाजूने सांगतात.

तोवरची बॅट साधी होती. प्लायवुडची फळी, तिच्यावर बारीक दाणे बाहेर असलेलं पातळ रबर, मध्ये काही नाही. चेंडू बसला की ‘टॉक’ असा खणखणीत आवाज यायचा, आणि तो आवाज लाकडाचा असायचा. समोरचा खेळाडू डोळ्यांइतकाच कानांवर खेळायचा. चेंडू किती जोरात आला, नीट मधोमध बसला की कडेला, तो कापला की सरळ मारला, हे ऐकून कळे. हंगेरीच्या व्हिक्टर बार्नापासून इंग्लंडच्या जॉनी लीचपर्यंतचे विश्वविजेते या आवाजाच्या जगात घडले होते. हातालाही तसंच कळायचं. रबर इतकं पातळ की फळीचा कंप थेट मुठीत उतरायचा.

हिरोजी सातो मुंबईत आला तो जाड स्पंज चिकटवलेली बॅट घेऊन. जपानचा संघच जागतिक स्पर्धेत पहिल्यांदा उतरला होता. सातो पेन धरावं तशी बॅट धरायचा. अंगापिंडाने किरकोळ, आणि त्याच्या देशाबाहेर त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. स्पंजवर पडलेला चेंडू गादीवर पडल्यासारखा आत रुतायचा, आणि मग अनपेक्षित वेगाने बाहेर फेकला जायचा. आवाज जवळजवळ नाहीच. अमेरिकेचा मार्टी राइझमन त्या वर्षी जिंकेल असं मानलं जात होतं. तो सातोकडून हरला. अंतिम सामन्यात सातोने हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवलं. जपानने त्या स्पर्धेत पुरुष एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि महिलांचं सांघिक विजेतेपद अशी सातपैकी चार विजेतेपदं नेली. ही सगळी स्पंजची करामत नव्हती, हे आवर्जून सांगायला हवं. महिला एकेरी रुमानियाच्या अँजेलिका रोझेनूने जिंकली, ती जुन्या बॅटवर. पण लोकांच्या लक्षात राहिली ती सातोची मुकी बॅट.

त्याच वर्षी मुंबईच्या गुल नासिकवाला यांनी सिंगापूरच्या आशियाई स्पर्धेत महिला एकेरी जिंकली. आपल्याकडे हे नाव सातोच्या नावापेक्षा जास्त घेतलं जायला हवं होतं. तसं झालं नाही याचं मला वाईट वाटतं.

मुंबईनंतर जगभर वाद पेटला. जुने खेळाडू म्हणत, हा खेळच नव्हे. नवे म्हणत, मग तुम्हीही लावा स्पंज. इचिरो ओगिमुराने 1954 मध्ये लंडनला स्पंजवर विश्वविजेतेपद मिळवलं आणि वाद एका बाजूला झुकला. शेवटी 1959 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने मोजपट्टी काढली. नुसत्या स्पंजला बंदी. स्पंजवर रबर चिकटवलेलं चालेल, पण डिंकासह एका बाजूची जाडी 4 मिलिमीटरच्या आत. स्पंजशिवायचं दाणेदार रबर असेल तर 2 मिलिमीटरच्या आत. हे आकडे आजही तेच आहेत.

आणि इथेच माझ्या सुतारी मनाला या इतिहासातली खरी कलाटणी दिसते. स्पंजने लाकडाची सद्दी संपवली असं मानतात. घडलं उलटं. जुन्या बॅटीत फळी आणि रबर मिळून जवळजवळ एकच वस्तू होती. कुठलंही बरं प्लायवुड चालून जायचं. मध्ये स्पंज आल्यावर प्रश्न उभा राहिला की स्पंज किती दबणार आणि फळी किती वाकणार. चेंडू बॅटीला टेकतो तो सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरता. तेवढ्यात फळी कडक असेल तर ती वाकत नाही, स्पंज जास्त दबतो, चेंडू लवकर आणि जोरात सुटतो. फळी लवचीक असेल तर ती थोडी मागे जाते, चेंडू क्षणभर जास्त रेंगाळतो, आणि त्या क्षणात मनगट त्याला फिरकी देतं. चेंडू हातात ‘धरल्यासारखा’ वाटतो, असं माझ्याकडे खेळ शिकणारी मुलं म्हणतात. म्हणून 1959 नंतर फळीचं लाकूड, तिचे थर आणि तिची जाडी हा स्वतंत्र अभ्यास झाला.

बहुतेक फळ्या पाच किंवा सात थरांच्या असतात. थर नेहमी विषम का, याचं उत्तर कुठलाही सुतार देईल. मधल्या गाभ्याच्या रेषा उभ्या, त्याच्या दोन्ही बाजूंच्या थरांच्या रेषा आडव्या, बाहेरच्या थरांच्या पुन्हा उभ्या. दोन्ही अंगांना सारखा ताण पडला तरच फळी पावसाळ्यात वाकडी होत नाही. गाभ्याला हलकं लाकूड लागतं. युरोपातले कारागीर आफ्रिकेतलं आयूस वापरतात, जपानी किरी वापरतात. बाहेर लिंबा किंवा कोटो, त्याखाली स्प्रूस. जपानी पेनपकडीच्या खेळाडूंची जुनी आवड मात्र एकसंध हिनोकीची. जपानी देवळं ज्या लाकडाची बांधतात तेच हे. तिथे थरच नाहीत. नऊ-दहा मिलिमीटर जाडीचा एकच तुकडा, वजनाला हलका, आणि स्पर्श इतका मऊ की हातातून खाली ठेवावासा वाटत नाही.

जाडीचा हिशोब मला सगळ्यात जास्त आवडतो. फळीचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. साडेपाच मिलिमीटरची फळी सहाची केली, म्हणजे कागदाच्या काही पानांएवढी वाढ केली, तरी ती सुमारे तीस टक्क्यांनी कडक होते. रंध्याचे दोन हात जास्त फिरले तर बचाव खेळणाऱ्याची बॅट होईल, कमी फिरले तर आक्रमकाची.

पुढे लाकडांच्या थरांमध्ये कार्बनचा धागा आला. तो पातळ असूनही फळीला ताठ करतो, आणि चेंडू मधोमध बसला नाही तरी वेग फारसा कमी होत नाही. तरीही आजचा नियम सांगतो की फळीच्या जाडीतला किमान 85 टक्के भाग नैसर्गिक लाकूडच असला पाहिजे. कार्बनचा किंवा काचतंतूचा कुठलाही एक थर एकूण जाडीच्या साडेसात टक्क्यांपेक्षा किंवा 0.35 मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. यातलं जे कमी ते धरायचं. टेनिसची रॅकेट लाकूड सोडून गेली, बॅडमिंटनचीही गेली. टेबल टेनिसने लाकूड नियमात बांधून ठेवलं. हा नियम लिहिणाऱ्यांना माझ्या आजोबांनी चहा पाजला असता.

2000 साली चेंडू 38 मिलिमीटरचा 40 झाला, 2014 पासून सेल्युलॉइड जाऊन प्लॅस्टिक आलं. दोन्ही वेळा चेंडूची फिरकी मंदावली आणि खेळाडू जास्त वेगाच्या फळ्यांकडे वळले. आमच्याकडची मुलं आता पहिल्याच वर्षी कार्बन मागतात. मी देत नाही. ज्याचा हात अजून चेंडू ऐकायला शिकला नाही, त्याला पाच थरांची सगळी लाकडी फळी हवी. तिच्यात चूक मुठीला कळते.

नवी फळी हातात आली की मी रबर लावण्याआधी तिच्यावर चेंडू टप्पे खात सोडतो. आवाज उंच आला तर फळी कडक, खाली आला तर लवचीक. सुतार लाकडाचा ओंडका ठोकून आतली पोकळी ओळखतो त्यातलाच हा प्रकार, आणि जगभरचे फळी बनवणारे तो वापरतात. नंतर वॉर्निशचा एक पातळ हात द्यायचा, नाहीतर जुनं रबर काढताना वरच्या थराच्या सालपट्या निघून येतात. जाड हात देऊ नये, त्याने फळी कडक होते. उन्हाळ्यात आमच्याकडे हवा इतकी कोरडी की मोटारीत राहिलेली बॅट संध्याकाळपर्यंत वेगळीच वाटते. ती कापडात गुंडाळून घरातच ठेवावी.

गावच्या लाकडाची फळी करून पाहायचा मोह मला टाळता आला नाही. बाभूळ वजनानेच बाद. तिच्या फळीने तासाभरात मनगट बसतं. सागाला तेल असतं, त्यावर डिंक मनापासून धरत नाही. गाभ्याला सावर मात्र चांगली निघाली. काडेपेट्यांच्या काड्या करतात ते लाकूड, हलकं आणि सरळ रेषांचं. तिच्या दोन्ही अंगांना आडवा थर आणि वर बाजारातलं पातळ व्हिनियर लावून केलेली फळी खेळायला बरी आहे. जोरात मारला की गाभा थोडा थकतो, पण कापलेल्या चेंडूवर ती छान धरते. सोलापूरच्या एका मुलीला बचाव खेळायला शिकवतोय, ती सध्या याच फळीवर खेळते, आणि पुढच्या फळीत आडवा थर शिवणीच्या लाकडाचा घालून पाहणार आहे.