संज्ञानात्मक रेडिओ
संज्ञानात्मक रेडिओ (कॉग्निटिव्ह रेडिओ) ही सभोवतालचे रेडिओतरंग पारखून मोकळी वारंवारता स्वतः निवडणारी बिनतारी संदेशवहन प्रणाली आहे. ही संकल्पना जोसेफ मिटोला यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस मांडली.

दूरचित्रवाणीसाठी राखीव वाहिन्या सर्वत्र वापरात नसतात. त्यांवरून ग्रामीण भागात इंटरनेट पुरवता यावे, यासाठी आयईईई ८०२.२२ हे मानक २०११ साली प्रसिद्ध झाले.

जाळ्याची उभारणी: बेस स्टेशन प्रथम मोकळी वाहिनी निवडते. ग्राहकाचे उपकरण सुरू झाल्यावर आधी केवळ ऐकते. परवानाधारकास व्यत्यय येणार नाही याची खात्री पटल्यावरच जाळ्यात प्रवेश मागते. परवानाधारकाचे प्रक्षेपण पुन्हा सुरू झाल्यास ते २ सेकंदांत ओळखून वाहिनी सोडावी लागते.

स्पेक्ट्रम संवेदन: ऊर्जामापन ही सर्वांत सोपी पद्धत होय, मात्र अतिक्षीण संकेत व गोंगाट यांतील भेद तिला कळत नाही. शिवाय टेकडीआडच्या उपकरणास प्रक्षेपण ऐकू न आल्याने व्यापलेली वाहिनीही मोकळी भासते. म्हणून अनेक उपकरणांची निरीक्षणे एकत्र पडताळतात. याच मर्यादेमुळे स्थाननिहाय वाहिन्यांची माहिती देणाऱ्या विदागारांचाही आधार घेतला जातो. अशा विदागाराशी जोडलेल्या उपकरणांवरील संवेदनाची सक्ती अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने २०१० साली रद्द केली.